काळजी मुलीची की कपड्यांची?

‘आम्ही तिच्या भल्यासाठीच सांगतो.’ नववी-दहावीच्या मुलींच्या पालकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं मला पाठ झालं आहे. बाहेरचं जग वाईट आहे. आपल्यात असलं चालत नाही. लोक बोलतात. उद्या स्थळं बघायची आहेत. अभ्यासातलं लक्ष उडालंय. आणि शेवटी, ‘मॅडम, तुमचं ऐकते ती, तुम्हीच समजावा.’ समजवायचं काय, तर बाही, गळा, जीन्स, केस, नखं, नाकातली रिंग. या पालकांचं आपल्या मुलीवर प्रेम आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच त्यांना गोडगोड न बोलता उत्तर दिलं पाहिजे. कपड्यांवरून रोज केलेल्या टोकाटाकीने मुलगी सुरक्षित होत नाही. उलट संकटाच्या वेळी तिने ज्या दाराशी धावत यायचं, ते घराचं दार आपणच आतून लावून घेतो.

सुरक्षिततेच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आडोशाला उभे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल कोणीही उघडून पाहावेत. बलात्काराच्या नोंदलेल्या दर शंभर गुन्ह्यांपैकी नव्वदांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, लग्नाचं वचन देणारा. वर्षानुवर्षं हे चित्र बदललेलं नाही. ज्याच्यापासून खरा धोका आहे त्या माणसाने मुलीला घरच्या गाऊनमध्ये, शाळेच्या गणवेशात, सणासुदीच्या परकर-पोलक्यात पाहिलेलं असतं. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टवाळासाठी आपण ओढणी शोधत बसतो, आणि ‘काका’ म्हणून घरात बसून चहा पिणाऱ्याकडे आपलं लक्षही नसतं.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरच्या अत्याचारांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलामुलींशी बोलून ती केलेली होती. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितलं, आणि सोसणाऱ्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघालं. आता कपड्यांचा सिद्धांत या आकड्याला लावून बघा. शर्ट आणि हाफ पँट घातलेल्या मुलाला ‘तू काय घातलं होतंस?’ असं आपण विचारतो का? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले. बालवर्गातल्या त्या दोन चिमुरड्यांच्या कपड्यांविषयी शब्द काढायची हिंमत कोणाला झाली असती? ते प्रकरण उघडकीला आलं, कारण मुलीने घरी सांगितलं आणि घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. पोलीस, कोर्ट, मोर्चा हे सगळं त्यानंतरचं.

माझं सगळं म्हणणं याच जागी येऊन थांबतं. मुलीला वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे तिने घरी येऊन सांगणं. त्याच सरकारी पाहणीत हेही निघालं होतं की बहुतेक मुलांनी झालेला प्रकार कोणालाच सांगितला नव्हता. का सांगितला नसेल, हे शाळेत शिकवणाऱ्या माणसाला विचारा.

समजा एक मुलगी आहे, चौदा वर्षांची. संध्याकाळच्या एसटीत गर्दीत कोणीतरी तिला हात लावला. ती घरी येते, दप्तर टाकते, हातपाय धुते. तिच्या मनात त्या माणसाबद्दल जितका राग आहे त्याहून मोठी भीती आहे ती आईच्या पुढच्या वाक्याची. सकाळीच आई बोललेली असते, ‘हा टॉप घालून निघालीस ना, मग काही झालं तर आमच्याकडे येऊ नकोस.’ आई हे रागात बोलली, दहा मिनिटांत विसरली. मुलगी विसरलेली नसते. तिने सांगितलं तर तो टॉप कपाटातून नाहीसा होईल, मोबाइल काढून घेतील, क्लास बंद होईल, कदाचित शाळाच बंद होईल. शिक्षा तिलाच होणार हे तिला दिसतं. मग ती म्हणते, डोकं दुखतंय, आणि अंथरुणावर पडते. दुसऱ्या दिवशी त्याच एसटीत तोच माणूस असतो.

कपड्यांचा दोष आपण किती खोल रुजवून ठेवला आहे ते बघायचं असेल तर बंगळुरूच्या जस्मीन पाथेजा यांचं काम पाहावं. २००३ मध्ये त्यांनी ‘ब्लँक नॉइज’ हा उपक्रम सुरू केला. छळ झाला त्या वेळी अंगावर जे होतं ते घेऊन या, असं त्या बायकांना सांगतात. जमा होतात ते आपल्या प्रत्येकीच्या कपाटात घडी करून ठेवलेले रोजचे कपडे. तरीही वर्षानुवर्षं प्रत्येकीने स्वतःशी हाच हिशेब मांडलेला असतो, की आपणच काही वेगळं घातलं असतं तर?

आता संस्कृती. ‘आपल्यात असं चालत नाही’ म्हणणाऱ्या पालकांनी ‘आपल्यात’ काय काय चालत आलं आहे ते एकदा नीट बघावं. काष्टा घातलेल्या नऊवारीत पोटऱ्या दिसतात. भातलावणीला उतरलेली कोकणातली बाई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचते, कारण चिखलात पाय रोवायचे असतात. कोळणीचं लुगडं, वारली बाईचं लुगडं, गोव्यातल्या कुणबी बाईचं कापड हे सगळं गुडघ्याच्याच आसपास थांबतं. आपल्याच आज्या-पणज्यांच्या अंगावरचं हे नेसणं. अंग किती उघडं याची मोजणी कष्टकरी बायकांनी कधी केली नाही. ती मोजणी नंतर आली, आणि आता तिलाच परंपरा म्हणून पुढे केलं जातं.

मुलीने ‘घालावा’ म्हणून आज आई ज्या पंजाबी ड्रेसचा आग्रह धरते, तो तरी इथला आहे का? आज पन्नाशीत असलेल्या किती बायकांना कॉलेजात असताना त्याच ड्रेसवरून घरात बोलणी खावी लागली, हे त्यांनी आठवून पाहावं. साडी नको, ड्रेस हवा म्हणून त्या रडल्या, भांडल्या, जिंकल्या. त्यांनी जिंकलेली गोष्ट आता मुलीसमोर कुंपण म्हणून उभी आहे.

आणखी मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकातले समाजसुधारक आगरकर यांच्या एका निबंधाचं शीर्षकच ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ असं आहे. जाकीट हे चोळीपेक्षा अंग अधिक झाकणारं वस्त्र. तरी त्यासाठी आगरकरांसारख्या माणसाला लेखणी झिजवावी लागली. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायांत बूट घालून, हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारले, असं नोंदलेलं आहे. बूट आणि छत्रीने कोणतं अंग उघडं पडतं? पण बूट आणि छत्री पुरुषांच्या मानाची होती, आणि बायकांनी ती विचारल्याशिवाय घेतली होती. राग होता तो त्याचा.

आजही तो तसाच आहे, आणि याचा पुरावा मला वर्गात मिळतो. आजच्या मुलींना तंग कपडे आवडतात हा पालकांचा समज जुना झाला. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलींना गॅदरिंगला, सहलीला हवे असतात ते ढगळ टी-शर्ट आणि बॅगी जीन्स. भावाचा वाटावा असा शर्ट, खाली लोळणारी पँट. अंगाचा आकार कुठे दिसत नाही. आणि तरी तक्रार येतेच. ‘पोरासारखी दिसते.’ ‘फिगर आहे की नाही कळत नाही, कोण म्हणेल मुलगी?’ तंग घातलं तर अंग दिसतं म्हणून ओरडा, ढगळ घातलं तर अंग दिसत नाही म्हणून ओरडा. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने आधी हिजाब घालून यायला बंदी केली आणि जून २०२४ मध्ये फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी घातली. एकीने जास्त झाकलं, दुसरीने कमी झाकलं, दोघीही फाटकाबाहेर. त्याच ऑगस्टमध्ये हिजाबबंदीला स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, मग टिकली-टिळ्यावरही बंदी घालणार का? वाद कापडाच्या लांबीचा असता तर या दोन बंद्या एकाच दारावर टांगल्या गेल्या नसत्या.

केसांचंही तेच. मागे एकदा एक आई मधल्या सुट्टीत शाळेत आली. बरोबर नववीतली मुलगी, डोक्यावरून रुमाल बांधलेला. आईने पिशवीतून वर्तमानपत्राची एक सुरळी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. आत वेणी होती. अख्खी, वरून रबर, खाली रिबन, जशीच्या तशी. मुलीने रात्री मोरीत उभं राहून भाजी चिरायच्या कात्रीने ती कापली होती. रुमाल सोडला तेव्हा मानेवर एका बाजूला केस दोन बोटं होते, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्हतेच, आणि कानामागे कात्रीचा ओरखडा. ‘मॅडम, लहानपणापासून तेल लावून वाढवले हो मी हे,’ असं म्हणून आई रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं, आणि मला तिची फार दया आली. मुलीला विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, ‘बाई, वर्षभर विचारत होते. पार्लरमध्ये नीट कापून द्या म्हणत होते. सकाळी वेणी घालताना आई रोज ओढून बोलायची.’ वर्षभर विचारत होती! विचारून मिळत नाही हे कळल्यावर तिने कात्री उचलली. आईने त्यातून काढलेला अर्थ असा की मुलगी हाताबाहेर गेली. मला दिसली ती बारा महिने परवानगी मागणारी मुलगी.

लांब केस म्हणजे संस्कार असं सांगणाऱ्या समाजाने विधवांच्या केसांचं काय केलं होतं? नवरा मेला की न्हाव्याला बोलावून डोकं भादरायचे, दहा-बारा वर्षांच्या पोरींचंसुद्धा. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांना एकत्र आणलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही अशी भूमिका त्यांना घ्यायला लावली. सवाष्णीने केस वाढवायचे, विधवेने काढायचे. दोन्ही वेळा केस बाईचे आणि हुकूम दुसऱ्याचा. म्हणून मुलगी जेव्हा ‘माझे केस आहेत’ म्हणते तेव्हा त्याला उर्मटपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘कपड्यांत काय एवढं? अभ्यासाकडे लक्ष द्या’ असंही पालक म्हणतात, म्हणजे मुलीची आवड ही थिल्लर गोष्ट आहे. हेही मला मान्य नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले, आणि काय बोलले? लुगडं कसं नेसता, गळ्यात-हातांत किती कथलाचे आणि चांदीचे दागिने घालता, यावरून तुमची जात ओळखली जाते. ते सोडा, लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा. बायकांनी ते मनावर घेतलं. एवढ्या मोठ्या लढ्यात बाबासाहेबांना लुगड्याच्या नेसणीविषयी बोलावंसं वाटलं, कारण अंगावरचं वस्त्र म्हणजे मी कोण आहे याचं रोजचं, सगळ्यांना दिसणारं उत्तर असतं. तुम्ही ठरवलेली ओळख मी अंगावर वागवणार नाही, असं म्हणण्याची ती पहिली जागा आहे. पंधरा वर्षांची मुलगी काळी नेलपॉलिश लावते तेव्हा ती महाडचा सत्याग्रह करत नसते, हे मलाही कळतं. पण स्वतःला कसं दिसायचं आहे हे शोधायचं तिचं वय आहे, आणि तो शोध हलका नाही.

हुकमाचा हट्ट टोकाला गेला की काय होतं ते जुलै २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यात दिसलं. सतरा वर्षांची मुलगी, उपास होता, संध्याकाळी जीन्स घालून पूजेला बसली. आजोबा आणि काकांनी हरकत घेतली, तिने उलट उत्तर दिलं, आणि त्यांनी तिला इतकं मारलं की ती गेली, अशी फिर्याद तिच्या आईने दिली. मुलीचा मृतदेह गंडक नदीवरच्या पुलाला लोंबकळताना सापडला. आपल्या घरांत असं होत नाही, असं कोणीही म्हणेल, आणि ते बव्हंशी खरंही आहे. पण पूजेला जीन्स घालून बसलेल्या मुलीला ‘आधी कपडे बदल’ म्हणणारा आवाज आपल्या घरांतही आहे. तिथे तो मारहाणीपर्यंत गेला, इथे अबोल्यापर्यंत जातो. मुलीच्या अंगावर शेवटचा शब्द आपला, हा दावा मात्र दोन्हीकडे एकच आहे. तो दावाच मला नाकारायचा आहे.

स्थळांच्या मुद्द्यावर मी वेळ घालवणार नाही. शिकणाऱ्या मुलीच्या बाह्या चार-सहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसांच्या पसंतीने ठरवायच्या असतील, तर तिला शाळेत तरी कशाला पाठवायचं?

मग पालकांनी तोंडच उघडायचं नाही का? मी असं म्हटलेलं नाही. तीन हजारांचे बूट परवडत नसतील तर ‘नाही’ म्हणावं, आणि पैसे नाहीत हेच कारण सांगावं. पंधराव्या वर्षी टॅटू नको, कारण तो पुसता येत नाही. माझंही तेच मत आहे आणि मी मुलींना ते सांगते. केसांना ब्लीच करून रंग लावायचा असेल तर सुट्टीत, चांगल्या ठिकाणी, आधी कातडीवर थोडा लावून बघून. मयताला जाताना काय घालायचं, लग्नात काय, हे घरात शिकवलं जावंच. आणि इन्स्टाग्रामवरच्या रील बघून दर आठवड्याला नवा कपडा मागण्यामागे बाजार आहे, तो मुलीला स्वतःच्या शरीराचा राग करायला शिकवतो, हे तर बोललंच पाहिजे. पण ते बोलायचा अधिकार आपण राखला आहे का? बिनबाह्यांचा ड्रेस घालू न देणाऱ्या घरांतच मुलीच्या दहाव्या-अकराव्या वर्षी गोरं करणारं क्रीम येतं. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदललं, आपल्या घरांतली ‘जरा उन्हात कमी जा गं’ ही सूचना बदलली नाही. तुझं शरीर जसं आहे तसं चालणार नाही, हा धडा बाजाराच्या आधी मुलगी घरातच शिकते. वर सांगितलेल्या प्रत्येक ‘नाही’मागे एक कारण आहे आणि ते मुलीला पटवून देता येतं. तुझ्या अंगाची लाज वाटते, हे कारण मात्र कोणत्याही ‘नाही’मागे असू नये.

आपल्याच गावांत याचं चांगलं उदाहरण रोज संध्याकाळी मैदानावर दिसतं. खो-खोच्या आणि कबड्डीच्या मुली शॉर्ट्स घालून पळतात, पडतात, गुडघे फोडून घेतात, आणि कडेला उभे असलेले बापे टाळ्या वाजवतात. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय मुलींनी नेपाळला हरवलं. संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. अशा पोरीचा सत्कार करताना तिच्या शॉर्ट्सची लांबी कोणी काढत नाही, कारण तिच्या शरीराने काय करून दाखवलं हे समोर असतं. त्या नजरेने आपल्याला मुलींकडे बघता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. मग मैदानाच्या फाटकाबाहेर पडल्यावर ती नजर का बदलावी?

ज्यांना खरोखर सुरक्षिततेची काळजी आहे त्यांच्यासाठी काम भरपूर आहे. मुलीला आज रात्री एवढंच सांगा, की कोणीही, म्हणजे घरातलासुद्धा, कुठेही हात लावला तर तू काय घातलं होतंस हे मी कधीही विचारणार नाही. मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा नंबर तिला पाठ करून द्या. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवर आणि पालकांवर बंधनकारक आहे, हे तिला समजावून सांगा आणि स्वतःही समजून घ्या. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बसने येतात. संध्याकाळची बस हिवाळ्यात अंधार पडल्यावर येते, आणि थांब्यावर दिवा नाही. पालकसभेत मुलींच्या नखांवर आणि टी-शर्टवर चर्चा रंगते, या दिव्यावर एकाही पालकाने अजून तोंड उघडलेलं नाही. बस शाळा सुटल्यावर अर्ध्या तासात यावी आणि थांब्यावर दिवा लागावा म्हणून आगारप्रमुखांना आणि ग्रामपंचायतीला द्यायचे दोन अर्ज मी लिहून ठेवले आहेत. पुढच्या सभेत ते टेबलावर असतील. नखांविषयी बोलायचं असेल त्यांनी आधी त्यांवर सही करावी.